एक लिटरचा धडा

ओआरएसचे पाकीट हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा. जुलाबाने सुकणाऱ्या बाळाला तारणारे हे पाणी शाळेत प्रत्येक मुलाने स्वतः करून पाहावे. गणितात माप शिकवता येईल. विज्ञानात, साखर आतड्यातून मीठ-पाणी रक्तात कसे नेते ते. इतिहासात, १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण कसे वाचवले ते. मराठीत, आजीला समजेल अशी कृती लिहिणे. मीठ जास्त झाल्यास बाळाला धोका. म्हणून नुसते पाठांतर नको, हाताला सवय हवी. घरात मोठी माणसे कामावर असताना बाळाजवळ अनेकदा पाचवीतली ताईच असते.