साइट सांभाळणार कोण?

तालुक्याच्या गावातले सार्वजनिक वाचनालय वेबसाइट करायचे ठरवते, तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत एक वाक्य हमखास येते: ‘वर्डप्रेसमध्येच करून घेऊ, म्हणजे पुढे आपले आपल्याला बदलता येईल.’ वाक्य इतके समंजस वाटते की ठराव तिथल्या तिथे मंजूर होतो. माझा विरोध नेमका याच वाक्याला आहे.

आधी समोरच्यांची बाजू पाहू. ते म्हणतात, ज्याला कोडचा गंध नाही त्यालाही लॉगिन करून मजकूर टाकता आला पाहिजे. स्टॅटिक साइट म्हणजे तयार एचटीएमएल पानांचा गठ्ठा. त्यात स्वल्पविराम बदलायचा तरी करून देणाऱ्या पोराला फोन लावा. तो पुण्याला नोकरीला गेला की साइट गोठली. हा आक्षेप पोकळ नाही. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसवर आज जगातल्या दर पाचांपैकी सुमारे दोन साइटी चालतात, त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. त्याआधी लोकप्रिय असलेले मूव्हेबल टाइप पाने आगाऊ बनवून ठेवी. मजकूर वाढला की ‘रिबिल्ड’ दाबून ताटकळत बसायचे. वर्डप्रेसने ते ताटकळणे संपवले.

पण वाचनालयाला बदलायचे असते काय? वेळा, वर्गणी, कार्यकारिणीची नावे, कधीमधी व्याख्यानमालेची पत्रिका. अशा साइटी जरा उघडून पाहा. ‘ताज्या घडामोडी’खाली पाच वर्षांपूर्वीच्या ग्रंथप्रदर्शनाची सूचना, आणि तिच्याखाली वर्डप्रेस नमुना म्हणून स्वतःच टाकून देते ती ‘हॅलो वर्ल्ड’ची नोंद अजून तशीच. बदलण्याची सोय होती, बदलणारे कोणी नव्हते. पासवर्ड माजी चिटणीसांच्या बंद पडलेल्या ईमेलवर. तेव्हा पोरगा दोन्हीकडे गेलेलाच असतो. तो गेल्यावर काय होते, एवढाच खरा प्रश्न.

स्टॅटिक पान सर्व्हरवर नुसते पडून असते आणि मागितले की जसेच्या तसे पाठवले जाते. वर्डप्रेससारख्या सीएमएसमध्ये (मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीत) पीएचपी चालते, डेटाबेसमधून मजकूर उपसते आणि पान जुळवते. म्हणजे तिथे चोवीस तास एक प्रोग्राम बाहेरून येणाऱ्या कोणाचेही म्हणणे ऐकायला बसलेला असतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल या दुसऱ्या नामांकित सीएमएसमधले एक भगदाड जाहीर झाले आणि दुरुस्तीही सोबत आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा-गटाने सांगितले की जाहीर झाल्यापासून सात तासांत जिने दुरुस्ती लावली नाही, ती साइट फोडली गेली असेच धरून चाला. आपल्या घड्याळात ते सात तास म्हणजे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. वाचनालयाच्या कोणत्या ग्रंथपालाने त्या रात्री जागायला हवे होते?

यावर ठरलेले उत्तर येते की आता सगळे आपोआप अपडेट होते. वर्डप्रेसचा गाभा होतो, मान्य. पण साइट उभी असते थीम आणि डझनभर प्लगइनांवर, आणि त्यांतल्या एखाद्याचा कर्ता केव्हाच दुकान बंद करून गेलेला असतो. होस्टिंगवाला एके दिवशी पीएचपीची नवी आवृत्ती चढवतो, जुनी थीम मान टाकते आणि पडद्यावर कोरा पांढरा कागद येतो. हे तरी बरे म्हणायचे. कारण दुसऱ्या तऱ्हेत साइट फोडली गेलेली असते, पण दिसायला ठणठणीत असते. गूगलवर वाचनालयाचे नाव शोधले की मात्र खाली जपानी लिपीतल्या ब्रँडेड मालाच्या जाहिराती दिसतात. हा प्रकार इतका पसरलेला आहे की गूगलने त्याला ‘जपानी कीवर्ड हॅक’ असे नावच दिले आहे.

मराठी मजकुराचे हाल आणखी वेगळे. होस्ट बदलताना डेटाबेसचा अक्षरसंच चुकला की इंग्रजी शाबूत राहते आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. शिवाय पानाच्या पत्त्यात देवनागरीचे एकेक चिन्ह, काना-मात्रांसकट, नऊ जागा खाते. वर्डप्रेस पत्त्यातला शीर्षकाचा तुकडा दोनशे जागांवर छाटते, म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास शीर्षक तुटलेच.

स्टॅटिक साइट बनवणारी जेकिल, ह्यूगो ही साधनेही जुनी होतात, हे खरे आहे. दोन वर्षांनी ती चालवायला जावे तर कुरकुरतात. पण त्यांनी बनवलेली पाने त्यांच्यावाचून जगतात. जगातल्या पहिल्या वेबसाइटची १९९२ मधली प्रत सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर परत मांडली. आजचा कोणताही ब्राउझर ती निमूट उघडतो.

दैनिकाला सीएमएस हवेच. रात्री अकराला उपसंपादक बातमी सुधारतो, दुसरा फोटो बदलतो, तिसरा मथळा. तिथे स्टॅटिकचा आग्रह धरणे हा निव्वळ हट्ट आहे. पण तिथे सर्व्हर सांभाळायला पगारी माणसे असतात. वाचनालयाला ग्रंथसूची लोकांपुढे शोधायला ठेवायची असेल, तर त्यालाही डेटाबेस लागेलच. त्यासाठी एनआयसीचे ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे. ते काम वर्डप्रेसच्या गळ्यात प्लगइन बांधून करू नये. उरलेली पाच-सहा पाने साध्या एचटीएमएलमध्ये करावीत. वर्गणीचा आकडा बदलायला नोटपॅड पुरते, आणि दहावी-बारावीच्या कोणत्याही मुलाला ते तासाभरात शिकवता येते. साऱ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवावी आणि तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला करावी.

डोमेनचे नूतनीकरण मात्र स्टॅटिकलाही चुकत नाही. डोमेन करून देणाऱ्याच्या नावावर नको, वाचनालयाच्या नावावर घ्यावे, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात नियतकालिकांच्या वर्गणीशेजारी दर वर्षी धरावा.