गिरण्यांचे पाणी कोठे गेले?

इंदूरच्या गिरण्यांचा विषय निघाला, की सर हुकुमचंदांचे वैभव आणि आकाशात चढलेली धुराडी यांचेच वर्णन ऐकू येते. पाण्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

अन्यत्र पाण्याने यंत्रे प्रत्यक्ष फिरविली. गोकाकच्या धबधब्यापाशी १८८७ साली घटप्रभेच्या बळावर सुताची गिरणी सुरू झाली. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी कालव्यांतून व नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. माळव्याच्या पठारास असा उतार नाही, आणि आमची कान्ह तर उन्हाळ्यात क्षीण होणारी नदी. म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वे येण्यापूर्वीच काढलेल्या सरकारी गिरणीपासून आरंभीची सारी भिस्त वाफेवर राहिली. पण वाफ तरी कशाची? बॉयलरला पाणी हवे, वाफ निवविण्यास पाणी हवे, कापड धुण्यास व रंगविण्यास तर विपुल हवे. आणि वापरलेले पाणी अखेर उताराने नदीकडेच जावयाचे.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली दरबारास सादर केलेल्या नगररचनेच्या अहवालात नद्यांच्या शुद्धीचा आग्रह धरला होता. तो मानला असता तर! पुढे १९७८ साली नर्मदेचे पाणी आले, शहराची तहान भागली, आणि कान्हकडे पाहण्याचे जणू कारणच उरले नाही. हुकुमचंद गिरणी बंद पडल्यावर तिच्या कामगारांना थकलेले देणे मिळावयास २०२३ चा डिसेंबर उजाडला. नदीचे देणे तर कोणत्याच वहीत नाही.

२०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हचे मलिन पाणी भूमिगत नळांतून क्षिप्रेच्या घाटांना वळसा घालून नेण्यात आले. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठा बंदिस्त कालवा हाती घेण्यात आला. गिरण्यांच्या भरभराटीत ज्या नगरीला कालवा लाभला नाही, तिला तो आता घाण वाहून नेण्यासाठी लाभावा, हे मला लाजिरवाणे वाटते. यात्रेकरूंची सोय होईल हे मान्य. परंतु घाटांच्या खालीही गावे आहेत, शेते आहेत.

शहराने नाल्यांची तोंडे बंद करून २०२१ साली ‘वॉटर प्लस’ हा मान देशात प्रथम मिळविला, ते काम खरोखर मोठे आहे. तेच आता सांवेर मार्गावरील कारखान्यांच्या दारापर्यंत न्यावे, आणि त्या कालव्याच्या दोन्ही टोकांच्या पाण्याची तपासणी दरमहा नागरिकांसमोर मांडावी.