पाहावें आणि पोहावें

आज ‘फ्रीस्टाइल’ शर्यतींत जी पोहण्याची रीत सर्वत्र दिसते, ती लंडनकरांनीं १८४४ सालींच पाहिली होती. उत्तर अमेरिकेंतील दोन ओजिब्वा पोहणारे हात पाण्यावरून पुढें फेकीत वेगानें गेले. परंतु ती रीत रानटी ठरवून लोक आपल्या बेडकासारख्या पोहण्यांतच रमले. १८७३ मध्यें जॉन ट्रजन यानें दक्षिण अमेरिकेंतून हातांची तशी फेक इंग्लंडांत आणली. पाय मात्र कात्रीसारखेच चालत राहिले. पायांचा वरखालीं जलद ठोका विसाव्या शतकाच्या आरंभीं सिडनींत रूढ झाला. त्यांत सॉलोमन बेटांतून आलेल्या ॲलिक विकहॅम या मुलाच्या पोहण्याचा मोठा वाटा होता. अभिमानानें डोळे झांकले, म्हणून अर्धशतक व्यर्थ गेलें.

तेव्हां घरांतील मुलामुलींस तलावावर पाठवितांना सांगावें कीं, चांगला पोहणारा कोणीही असो, त्याचें निरीक्षण करावें. आणि एका खेपेस एकच अवयव पाहावा. प्रथम हात : पुढें येतांना कोपर पंजाहून उंच राहतें, बोटें खांद्याच्या रेषेंत पाण्यांत शिरतात. मग मस्तक : श्वासासाठीं तें उचललें जात नाहीं, अंगाबरोबर कुशीस वळतें, उच्छ्वास पाण्यांतच सुटतो. शेवटीं पाय : हालचाल कमरेपासून होते, घोटे सैल असतात. पाहिलेलें लागलीच करून पाहावें व कांठावरील जाणत्यास दोष विचारावा. कारण पोहतांना स्वतःचें अंग स्वतःस दिसत नाहीं.