रमजानच्या प्रश्नाखालच्या गप्पा बंद करू नका

मंडळी, पोस्ट जरा लांबलीय. रविवार आहे, सवडीने वाचा.

आपल्या पोफळी भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर 2 मार्चपासून, म्हणजे पहिल्या रोजापासून, रोज सकाळी रमजानवर एक प्रश्न पडतो. चार पर्याय, संध्याकाळी इफ्तारनंतर उत्तर. बक्षीस काय, तर ईदला शिरखुर्मा, जो आपल्याकडे तसाही न मागता मिळतो. ग्रुपात हिंदू-मुसलमान दोन्ही आहेत आणि उत्तरं सगळेच देतात. आज बाविसावा रोजा. पण गेला आठवडाभर तिथे कुरबूर चाललीय. एक जण म्हणतो, ग्रुप गावच्या कामासाठी आहे, धर्माचं काही नको. दुसरा म्हणतो, प्रश्न पवित्र महिन्याचे आहेत, खाली थट्टामस्करी कशाला? नुसतं अ, ब, क, ड लिहा. दोघांच्या मध्ये सापडलेल्या ॲडमिनने दोन दिवस सगळ्यांची तोंडं बंद करून ठेवली होती. आता कायमचं तसंच करायचा विचार आहे म्हणे.

माझं मत विचाराल तर एक वेळ प्रश्न बंद झाले तरी चालतील, गप्पा नकोत बंद व्हायला.

कारण प्रश्न बहुतेक कुठून तरी उचललेले असतात. कुराणात सूरे किती? 114. बद्रची लढाई कोणत्या रोजाला? सतराव्या. शाळेतलं पोरगंही मोबाइलमध्ये बघून दहा सेकंदांत सांगतं. खरी गंमत खाली. 'रमजान दरवर्षी अलीकडे का येतो?' असा प्रश्न आला त्या दिवशीचं बघा. उत्तर सोपं, चांद्रवर्ष 354 दिवसांचं, म्हणून दहा-अकरा दिवस मागे. पण आपल्या एका निवृत्त गुरुजींनी खाली लिहिलं, अहो, आपले मराठी महिनेही चंद्राचेच, मग दिवाळी पावसाळ्यात का नाही येत? आणि मग अधिक महिन्याचा हिशेब मांडला. साधारण पावणेतीन वर्षांनी आपण एक महिना जादा घालून गाडी रुळावर आणतो, हिजरी सन तसं करत नाही, म्हणून रमजान तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2030 साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान लागेल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी. त्यावर एक चाची लिहितात, भर पावसाळ्यातला रमजान आठवतो का, ढगांपायी चंद्र दिसायचा नाही आणि कुठून फोन येतो म्हणून रात्री जागत बसायचो! हे कुठल्या पुस्तकात मिळणार?

जकातीच्या दिवशीही तेच. शिलकीवर अडीच टक्के, लाखाला अडीच हजार, हे उत्तर झालं. पण ती लागू कोणाला? साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अगर तेवढी शिल्लक वर्षभर टिकली असेल त्याला. तोळ्याचं माप निघाल्यावर सगळ्या वहिन्या एकदम जाग्या झाल्या. आजच्या भावाने सोनं धरलं तर किती जण सुटतात आणि चांदी धरली तर किती अडकतात, यावर तासभर चर्चा. मला वाटतं, गेल्या वर्षभरात या ग्रुपवर झालेली ही सगळ्यात शहाणी चर्चा.

वीजगृहात कामाला असलेल्या एकाने लिहिलं, तुम्ही सूर्य बघून रोजा सोडता, मी डोंगराच्या पोटात, मला सकाळ काय नि संध्याकाळ काय, नुसतं घड्याळ. त्यावर पालखीच्या मानकऱ्यांपैकी एकाने लिहिलं, पावणेसातला फोन करतो, पाणी पी. आखातात असलेले आपले लोक एक दिवस पुढे आहेत, तिकडे 1 मार्चलाच रमजान लागला. ते रोज चिडवतात, आमचा तेविसावा, तुमचा अजून बाविसावाच काय?

आता या गप्पांना मी एवढं महत्त्व का देतोय? राजापूर आठवा. आपल्याच जिल्ह्यातलं. 12 मार्चच्या रात्री होळीचा माड नेताना जामा मशिदीच्या दारात जे झालं, त्याच्या क्लिप दुसऱ्या दिवशी देशभर 'मशिदीवर हल्ला' म्हणून फिरल्या. माड मशिदीच्या पायरीला टेकवायची तिथली जुनी प्रथा आहे, हे दिल्ली-लखनऊच्या माणसाला कुठून कळणार? हल्ला झाला नाही असं पोलिसांनी सांगितलं, आणि घोषणाबाजी झाली म्हणून गुन्हेही नोंदवले. दोन्ही खरं आहे. ते दोन्ही एका वेळी समजून घ्यायला प्रथा माहीत असलेला, शेजाऱ्याशी बोलणारा माणूस लागतो. आपल्या ग्रुपवर ती क्लिप आली तेव्हा अर्ध्या तासात राजापूरला सासर असलेल्या दोघींनी, एक हिंदू, एक मुसलमान, काय ते सांगितलं आणि विषय थांबला. फक्त ॲडमिनलाच लिहिता आलं असतं तर त्या दोघी बोलल्या असत्या कुठे?

ॲडमिनची भीती मला कळते. कोणी वेडंवाकडं टाकलं तर नोटीस आपल्याला. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच स्पष्ट केलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दिसला पाहिजे. तेव्हा घाबरू नका. वेडंवाकडं दिसलं की काढून टाका, पुन्हा टाकलं तर त्याला ग्रुपबाहेर काढा. एकासाठी सगळ्यांना गप्प करू नका.

एक तक्रार मात्र माझीही आहे. सोळाव्या प्रश्नाला 'रोजाने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध करून नोबेल मिळवणारे जपानी शास्त्रज्ञ कोण?' असं विचारलं होतं. योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं ते पेशी आपलाच टाकाऊ भाग कसा पचवतात याच्या शोधासाठी, आणि तो अभ्यास होता यीस्टवर. रोजाचा त्यात संबंध नाही. हाच मेसेज आषाढीला एकादशीच्या नावाने येतो, तेव्हाही मी हेच लिहिलं होतं नि चार जणांचा राग ओढवून घेतला होता. रोजा ठेवणाऱ्याला जपानच्या दाखल्याची गरज नसते, तशी ती आपल्या म्हाताऱ्यांनाही कधी लागली नाही.

आठवडाभर उरलाय. 30 तारखेला गुढीपाडवा, त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर 31 ला ईद, नाही तर 1 एप्रिलला. अमावास्या सरल्यावरची चंद्रकोर दिसली की ईद, म्हणून पाडवा आणि ईद या वर्षी अशा शेजारी आल्या. मी उद्यासाठी प्रश्न पाठवून ठेवलाय, उत्तर मोबाइलमध्ये सापडायचं नाही: आपल्या वाडीत ईदच्या दिवशी सांदण पहिल्यांदा कोणाच्या घरी वाफायला लागतं? पर्याय दिलेले नाहीत. ॲडमिन, ग्रुप उघडा ठेवा, भांडणं होतील थोडी.