भंगाराचा धंदा पक्क्या बिलावर आणा

गांधीबाग म्हटले की नागपूरकरांना कापडाचा घाऊक बाजार आठवतो. पण या बाजाराला लागूनच इतवारीतील लोहाओळ आहे आणि आसपासच्या वस्त्यांत भंगार गोळा करणारे, तोडणारे, निवडणारे कित्येक कारागीर आहेत. या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. समाज या धंद्याकडे नाक मुरडून पाहतो. मात्र एक टन भंगार वितळवले तर १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो, असे केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणातच नमूद आहे. म्हणजे हा धंदा देशाच्या कामाचा आहे. प्रश्न एवढाच की त्यातील कमाई आपल्या हाती किती राहते?

आमचे स्पष्ट मत असे की, कच्च्या चिठ्ठीवर आणि तोंडी शब्दावर भंगाराचा घाऊक व्यापार करण्याचे दिवस संपले. जो हे ओळखणार नाही तो या धंद्यात फक्त हमाल म्हणून उरेल.

१० ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले दोन नियम प्रत्येकाने नीट समजून घ्यावेत. पहिला : नोंदणी नसलेल्या फेरीवाल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले, तर त्यावरील जीएसटी खरेदीदारानेच रोख भरायचा. त्यासाठी स्वतःच्या नावाने ३० दिवसांच्या आत बिल तयार करावे लागते. भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे हा खर्च नव्हे. पण भट्टीवाल्याने पैसे दोन महिने लांबवले तर तेवढा काळ आपले भांडवल अडकते. दुसरा : नोंदणीकृत व्यापाऱ्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला अडीच लाखांवरचा माल विकला, की खरेदीदार २ टक्के कापून सरकारजमा करतो. ही रक्कम आपल्याच खात्यात जमा होते. मात्र विवरणपत्रे वेळेवर भरली नाहीत तर ती तिथेच पडून राहते.

याहून मोठा धोका आहे तो विकत मिळणाऱ्या बिलांचा. माल एकाचा, बिल दुसऱ्याचे, ही चाल या बाजारात सर्रास चालते. हिशेब करून पाहा. समजा, दहा टनांची गाडी टनाला ३० हजार रुपये भावाने घेतली. माल तीन लाखांचा झाला. १८ टक्क्यांप्रमाणे कर ५४ हजार रुपये. किलोमागे एक रुपया सुटला तर गाडीमागे नफा दहा हजार. बिल देणाऱ्याने कर भरलाच नाही, तर वजावट रद्द होऊन ते ५४ हजार आपल्याला भरावे लागतात, वर व्याज आणि दंड. एका खोट्या बिलाने पाच गाड्यांची कमाई बुडते. दलाल दोन टक्के स्वस्त बिल देतो म्हणून खुश होणाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा.

माल कुठून आला याची नोंद ठेवणे हे केवळ करासाठी नाही. रेल्वेचा माल चोरीचा असल्याच्या वाजवी संशयाने गाळ्यावर सापडला, तर १९६६ च्या कायद्यानुसार तो आपल्याकडे रीतसर आला हे आपणच सिद्ध करावे लागते. नाही तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नागपूर हे रेल्वेचे मोठे ठाणे, म्हणून येथे ही खबरदारी दुप्पट हवी. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात लिलावातून आलेल्या एका यंत्रात किरणोत्सारी कोबाल्ट निघाले आणि एका कामगाराचा जीव गेला. बंद सिलिंडर, तोंड बंद असलेले नळ, अनोळखी गोळे भट्टीत गेले की स्फोट होतात. असा माल तोडायला देणे म्हणजे आपल्याच पोरांना मरणाच्या दारात उभे करणे होय.

आता मिळकतीकडे वळू. आपले बहुतेक छोटे व्यापारी सगळा माल एकाच ढिगात विकतात. बीड, जाड प्लेट, पातळ पत्रा, लेथचा चुरा यांचे भाव वेगवेगळे असतात. तेलकट चुरा, माती, गंज यामुळे भट्टीत घट येते आणि ती घट मोठा खरेदीदार भावातून आधीच कापून घेतो. निवड गाळ्यावर झाली तर हा फरक आपल्या खिशात राहतो. काट्याचेही तसेच. धरमकाट्यावर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहावे, रिकामी आणि भरलेली गाडी दोन्ही वेळा तोलावी आणि चिठ्ठी जपून ठेवावी.

मोठा माल मात्र एकट्याच्या आवाक्यात नाही. रेल्वेचे आणि सरकारी कारखान्यांचे भंगार आता संगणकावरील लिलावात विकले जाते. १९६४ साली स्थापन झालेली सरकारी एमएसटीसी कंपनी असे लिलाव घेते. तिथे अनामत भरावी लागते, अख्खा लॉट मुदतीत उचलावा लागतो. म्हणून आमची सूचना अशी की, चार-पाच विश्वासू व्यापाऱ्यांनी लेखी भागीदारी करावी, एकच नोंदणी, एकच गोदाम, एकच हिशेबनीस ठेवावा. भट्टी नागपूरची असो, जालन्याची असो की रायपूरची, दहा टन निवडलेला माल पक्क्या बिलासह घेऊन येणाऱ्याशी ती थेट बोलते. रायपूर परराज्यात असल्याने तिथे माल विकायचा तर उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी जीएसटी नोंदणी लागतेच. २०२१ पासून घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, बँकेच्या कर्जासाठी तिचा उपयोग करून घ्यावा.

सरकारलाही आमचे सांगणे आहे. घरोघर फिरून गोळा केलेल्या मोडीवर १८ टक्के कर हा फार जड आहे. एवढ्या करामुळेच खोट्या बिलांना बाजार मिळतो. दर खाली आणला तर प्रामाणिक व्यापारी टिकेल आणि सरकारचा महसूलही बुडणार नाही. ही मागणी बाजारातील संघटनांनी एकत्र येऊन लावून धरावी. पण मागणी करणाऱ्याची वही स्वच्छ असली तरच तिला वजन येते. तेव्हा सुरुवात आपल्याच गाळ्यापासून करावी, या महिन्यापासून करावी.