तालमीला मालक नको, वही हवी

‘कोल्हापूरचा फुटबॉल मोठा व्हायचा तर एखाद्या उद्योगसमूहानं संघ घेतला पाहिजे.’ शाहू स्टेडियमच्या गॅलरीत दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत कुणीतरी हे बोलतं आणि आजूबाजूचे माना डोलावतात. त्याआधी पुण्याकडं एकदा बघावं.

2007 साली पिरामल समूहानं पुणे एफसी उभा केला. पैसा होता, शिस्त होती, अकादमी देशात नावाजलेली. 2012-13 च्या आय-लीगमध्ये संघ दुसरा आला. 2015 मध्ये गाशा गुंडाळला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामातच आटोपला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. 2010 मध्ये तोही बंद. मैदानात हरले म्हणून हे संघ संपले नाहीत. मालकाला ते नकोसे झाले, एवढंच.

कोल्हापुरातल्या पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब या तालमी-मंडळांच्या संघांबाबत असं होणं अवघड आहे. कुठल्या बैठकीत कोण ठरवणार, की उद्यापासून पाटाकडील नाही? ते पेठेचे आहेत. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए) स्थापन झाली, तेव्हापासून किती पुढारी आणि पुरस्कर्ते आले-गेले. तालमी आहेत तिथंच आहेत. ज्याला आपण मागासलेपणा समजतो, तेच त्यांचं बळ आहे.

मात्र एवढ्यावर मिशीला पीळ देणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. इर्षेनं गॅलरी भरते, संघ घडत नाही. हंगामाच्या तोंडावर खेळाडूंची पळवापळवी चालते. शेजारच्या तालमीनं वाढवलेला स्ट्रायकर जास्त मानधनावर उचलायचा, दोन परदेशी खेळाडू आणायचे, चषक मारायचा, गुलाल उधळायचा. पुढच्या वर्षी तोच स्ट्रायकर तिसऱ्याच तालमीच्या जर्सीत! खर्च झालेल्या पैशाचं तालमीकडं काय उरलं? फ्लेक्स. त्यात वर्गणी निवडणुकीच्या वर्षी फुगते आणि नंतर आटते. मालक नसलेल्या संघाचीही मग मालक असलेल्या संघासारखीच गत होते.

अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण हा कोल्हापूरचा पोरगा पुढं घडला पुण्यात. इथं पोरं कमी नाहीत. बारा-तेराव्या वर्षी त्यांना वर्षभर हाताखाली घेणारं कुणी हवं.

स्पेनमधला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब सभासदांच्या मालकीचा. खेळवतो ते बास्क प्रांतातले किंवा तिथं घडलेलेच खेळाडू. तरी स्पेनच्या वरच्या लीगमधून तो आजवर एकदाही खाली घसरलेला नाही. बाहेरचा तयार खेळाडू घ्यायचाच नाही म्हटल्यावर पोरं घडवण्यावाचून गत्यंतर नाही. ही अडचणच त्यांच्या कामी आली. आपल्याकडं अशी बंदी घाला असं मी म्हणत नाही. पेठ म्हणजे काही बास्क प्रांत नव्हे.

‘पोरं आम्ही घडवायची आणि नेणार दुसरे!’ ही तक्रार रास्त आहे. त्यावर फिफाकडं तोड आहे. खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, तर किमतीतले पाच टक्के, वयाच्या बारा ते तेवीस वर्षांत त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. केएसएनं हाच न्याय पेठांपुरता लावावा. मोठा खेळाडू नेणाऱ्या तालमीनं, तो जिथं वाढला तिथल्या लहान गटासाठी ठरलेली रक्कम भरावी; त्याशिवाय नोंदणी नाही.

पैसा कुठून आणायचा, हे मात्र कुणी मला विचारू नये. परदेशी खेळाडूंसाठी तो दरवर्षी सापडतोच. जमा किती, खर्च किती, त्यातला पोरांवर किती, हे वहीत मांडा आणि वर्षातून एकदा तालमीच्या फळ्यावर लिहा. मग बघू, पुढच्या हंगामात वर्गणी देताना पेठ काय विचारते ते.