लाल त्रिकोण आणि पांढरा तारा

हौसेला मोल नसते असे म्हणतात. ज्याने ही म्हण रूढ केली त्याने जुनी जीप विकत घेतलेली नसावी. आमच्या जीपला मोल होते आणि ते दर महिन्याला वाढत होते. कधी पिस्टनच्या रिंगा, कधी रेडिएटर, तर कधी कार्ब्युरेटर. घरखर्चाच्या वहीत आईने शेवटी ‘जीप’ असे स्वतंत्र पान केले आणि आमच्या कॉलेजच्या फीचे पान त्याच्या मागे ढकलले.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. ‘मुलगी असून गॅरेजात काय करतेस?’ आणि ‘कलाशाखेची असून गॅरेजात काय करतेस?’ असे दोन प्रश्न मला आलटून पालटून विचारले जातात. पहिल्याचे उत्तर देण्यात मला रस नाही. दुसऱ्याचे मात्र सविस्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुटीत काका मला एका वाडीवर घेऊन गेले. उसाच्या फडाकडेला बाभळीखाली एक जीप उभी होती. उभी म्हणजे चार विटांच्या थप्प्यांवर टेकलेली. मागच्या बाजूला कोंबड्यांनी बिऱ्हाड केले होते. मालकांनी ती कित्येक वर्षांपूर्वी सरकारी लिलावात घेतली होती. दुधाच्या किटल्या वाहिल्या, बियाणे वाहिले, एक लग्नाचे वऱ्हाडही वाहिले आणि मग टेम्पो आल्यावर तिला बाभळीची सावली दिली. काकांचे लेथचे वर्कशॉप आहे. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी आर. सी. बुक मागितले, मग खाली वाकून चॅसिसवरचा नंबर रॉकेलच्या बोळ्याने पुसून ताडून पाहिला. ‘इंजीन केव्हाही मिळतं, कागद मिळत नाहीत,’ हा जुनी गाडी घेण्याचा पहिला धडा मला तिथे मिळाला. मग त्यांनी तळाचा पत्रा आणि ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिली. गंज वर दिसतो त्यापेक्षा खालीच जास्त असतो. अखेर ७५ हजारांवर सौदा ठरला आणि कोंबड्यांना नोटीस मिळाली.

जीप या प्राण्याची कुळकथा थोडक्यात सांगते. १९४० साली अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना करून दिला. पुढे मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी केले आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. त्यातल्या काही चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थानच्या आघाडीवर आल्या आणि युद्धानंतर आपल्याकडेच लिलावात विकल्या गेल्या. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे महिंद्रांनी जी जीप वर्षानुवर्षे बनवली ती सी. जे. थ्री. बी. आमची जीप याच कुळातली, १९७० सालची.

ही जीप ओळखायला सोपी आहे. युद्धातल्या जीपचे बॉनेट बुटके, हिचे उंच. जाणकार तिला ‘हाय बॉनेट’ म्हणतात. कारण साधे आहे. युद्धातल्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. नव्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावे म्हणून बॉनेट उचलावे लागले. युद्धात फोर्डने चालू केलेल्या जाळीला नऊ फटी असत, हिला सात. हे कळले की रस्त्यावरच्या ‘महायुद्धातल्या’ निम्म्या जीपगाड्यांचे बिंग फुटते.

आणि इथूनच माझ्या तक्रारीला सुरुवात होते.

आपल्याकडे जुनी जीप नवी करायची म्हणजे काय करायचे, याचा एक साचा ठरून गेला आहे. उंच नाक कापायचे, बुटके बॉनेट बसवायचे, त्याखाली इंजीन मावत नसेल तर तेही बदलायचे. मग लष्करी हिरवा रंग, मागे पेट्रोलचा डबा आणि बॉनेटवर अमेरिकी सैन्याचा पांढरा तारा. आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींनीही पहिल्याच दिवशी विचारले, ‘तारा केवढा काढायचा?’ जणू तारा काढायचा हे ठरलेलेच. काकांचीही ना नव्हती. खरे सांगायचे तर माझीही नव्हती. ताऱ्यासकटचा फोटो कसा दिसेल याची चित्रे मीही मनात रंगवली होती.

पहिले सहा महिने इंजिनात गेले. हेड उघडले, ब्लॉक बोअर केला, व्हॉल्व्ह घासले. मिस्त्रींनी मला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग शिकवले. पेस्ट लावायची आणि दोन तळव्यांमध्ये काठी धरून रवीसारखी घुसळायची. त्यांच्या शब्दांत ‘ताक करायचं’. सुटे भाग काही पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, काही दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवले, उरलेले काकांनी लेथवर काढले. ज्या दिवशी मी हँडल मारले आणि इंजीन दोन शिंका देऊन सुरू झाले, त्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्यांना चहा पाजला. बिलात तो लावला, हा भाग निराळा.

मग आली रंगाची पाळी. जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढायचे काम माझ्याकडे. वरचा थर निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली मळकट पांढरा. उजव्या बाजूचा पत्रा पाण्याने घासता घासता एके दुपारी पांढऱ्यात लाल उमटायला लागले. आधी वाटले गंज आहे. पण गंजाला सरळ कड नसते. मी पेपर बदलला, बारीक घेतला, हात हलका केला. तासाभराने पत्र्यावर एक उलटा लाल त्रिकोण उभा राहिला आणि त्याखाली ‘कुटुंब नि’ एवढी अक्षरे. पुढचा पत्रा केव्हातरी बदललेला होता.

संध्याकाळी मी मोबाइलवरचा फोटो आजीला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि फोन उपडा ठेवला. ‘पुसून टाक ते,’ म्हणाली.

आजी सहसा असे तोडून बोलत नाही. दोन दिवसांनी आपणहून सांगू लागली. ‘आधी ही जीप देवी काढायला यायची. पोरं मागं धावायची धुरळ्यात. मग ते वर्ष आलं, तेव्हा माणसं पुढं पळायची.’ ते वर्ष म्हणजे १९७६. तिचा थोरला भाऊ दोन रात्री उसात लपून राहिला होता. तिसऱ्या दिवशी तो घरी आला आणि चौथ्या दिवशी त्याला नेले. पुढे तो त्याविषयी कधी बोलला नाही आणि घरातल्या कोणी विचारलेही नाही.

आणीबाणी मी अभ्यासली आहे. २५ जून १९७५ ला ती जाहीर झाली आणि मार्च १९७७ मध्ये उठली, हे मला पाठ आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या व त्यात बहुसंख्य पुरुष होते, हेही मी उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले होते आणि राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, यावर तर मला चांगले गुण मिळाले. पण माझ्या आजीचा भाऊ त्या आकड्यात आहे, हे मला पॉलिश पेपर हातात घेईपर्यंत ठाऊक नव्हते.

म्हणून माझे मत असे बनले की जीपवर तारा काढू नये आणि त्रिकोण पुसू नये.

तारा का नको? ज्या जीपने खरोखर ब्रह्मदेशाचा चिखल तुडवला तिच्यावर तारा जरूर असावा. पण आमच्या जीपने तो चिखल पाहिलेला नाही. तिने पाहिला तो आपल्या तालुक्यातला. लशीच्या पेट्या, हिवतापाच्या फवारणीचे पंप, दवाखान्यात न्यायची बाळंतीण आणि शेवटी धरून नेलेली माणसे अशा जीपगाड्यांनी वाहिली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला, त्यामागे अशाच गाड्यांची धावपळ होती. हे सगळे खरवडून त्यावर परक्या सैन्याचे चिन्ह रंगवणे म्हणजे आपल्या आजोबांचा फोटो काढून त्या चौकटीत सिनेनटाचा फोटो लावण्यासारखे आहे. नट देखणा असेल, पण तो आपला आजोबा नव्हे.

कोणी म्हणेल, गाडी ज्याची त्याची, पैसा ज्याचा त्याचा. रंगापुरते ते मान्य. पण कायदाही साच्याच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून मान्यता दिली. तशी नोंदणी केली तर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. आम्हाला तर जीप हिंडवायची होती, म्हणून आम्ही जुन्याच नोंदणीचे नूतनीकरण केले. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्या भंगारात काढण्याचा नियम लागू झाला आहे. म्हणजे सरकारी जीप म्हणून जे काही उरेल, ते पूर्वीच लिलावात सुटून बाभळीखाली पडले तेवढेच.

एका आक्षेपाला मात्र माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. तो आजीचा. ‘तुला ते पुस्तकातलं आहे, मला नाही,’ असे ती म्हणाली. तिचे म्हणणे मी खोडून काढू शकले नाही आणि आता खोडू इच्छितही नाही. शेवटी आम्ही जीप पांढरी रंगवली. त्रिकोणाभोवती वहीच्या पानाएवढी जागा जशी सापडली तशी ठेवून तिच्यावर पारदर्शक लॅकर मारले. काकांनी ताऱ्याचा हट्ट सोडला. मिस्त्री म्हणाले, ‘एवढं करून ठिगळ ठेवलंत!’ आता तेच येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते ठिगळ दाखवतात.

जीप चालवण्याचा आनंद काय वर्णावा! पॉवर स्टेअरिंग नाही, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा प्रत्येक खड्ड्याची हजेरी घेतात, ताशी पन्नासला कानात भुंगा शिरतो. पण पुढची काच बॉनेटवर पाडून पावसाळ्याच्या तोंडाशी बांधावरच्या रस्त्याने जावे, चढाला पुढची चाके जोडून गिअर लो मध्ये टाकावा आणि गाडीने बैलासारखी मान खाली घालून चढ ओढून काढावा! असे सुख मला दुसऱ्या कुठल्या वाहनात मिळालेले नाही. गावोगावी म्हातारी माणसे थांबवतात. काही हसून पाठ थोपटतात. काही त्रिकोणाकडे पाहतात आणि जरा वेळ बोलत नाहीत. मग बोलतात. ते मी वहीत टिपून ठेवते.

आजी अजून जीपमध्ये बसलेली नाही. मी आग्रह केलेला नाही. तो तिचा हक्क आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कलाशाखेच्या विद्यार्थिनीने गॅरेजात काय करावे, याचे उत्तर एवढेच. तुमच्याही गावात कुठल्यातरी बाभळीखाली एखादी जीप, ट्रॅक्टर, निदान एखादी स्कूटर असेलच. हौस जरूर करा. फक्त रंग देण्यापूर्वी एक दुपार बारीक पॉलिश पेपर हातात घ्या, आणि खाली काही उमटले तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)